माथेरानची पावती: हंगामी गावाचा खर्च कोणी सोसायचा?

१/ माथेरानला मोटारीने जाणाऱ्याची वाट दस्तुरी नाक्यावर संपते. पुढचा प्रवास पायी, घोड्यावरून किंवा छोट्या रेल्वेने. मात्र गावात शिरण्यापूर्वी माणशी ‘प्रवासी कर’ भरून पावती घ्यावी लागते. पर्यटक ती खिशात टाकतो आणि विसरतो. वास्तविक त्या पावतीत हंगामावर जगणाऱ्या प्रत्येक गावाचा एक जुना पेच दडलेला आहे.

२/ मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढले. ठाकूर, कातकरी, धनगर यांचा वावर तेथे आधीपासूनच होता. इंग्रजांना तो ‘सापडला’ एवढेच. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या स्थळाला राजाश्रय दिला. १८५६ मध्ये रेल्वे नेरळमार्गे खोपोलीकडे गेली आणि मुंबईकरांना माथेरान जवळ आले.

३/ येथे हंगाम दोन. एक पावसाळा सरल्यावरचा, दुसरा उन्हाळ्याचा. मधल्या पावसाळ्यात गाव जवळजवळ ओस पडते आणि तांबड्या मातीचे रस्ते धुपून जातात. पाहुणे परतण्यापूर्वी ते दुरुस्त करावेच लागतात. म्हणजे ज्या महिन्यांत उत्पन्न नसते, त्याच महिन्यांत खर्चाची तयारी करावी लागते.

४/ १९०५ मध्ये माथेरानला नगरपालिका मिळाली. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने उभारलेली नेरळ-माथेरान रेल्वे सुरू झाली. त्यासाठी सुमारे १६ लाख रुपये खर्च आला. पूर्वी तट्टू, पालखी वा पायपीट यांवाचून गत्यंतर नव्हते. आता सहकुटुंब वर येणे सोपे झाले. पाहुणे वाढले, तसा पाणी, दिवाबत्ती आणि झाडलोटीचा भारही वाढला.

५/ पेच येथेच आहे. पाण्याची टाकी, गटार आणि शौचालये सरासरी दिवसाचा हिशेब धरून बांधता येत नाहीत. ती सर्वाधिक गर्दीच्या दिवसाला पुरावी लागतात. २०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या होती ४,३९३. मे महिन्यातील सुट्ट्यांत या संख्येच्या कित्येक पट माणसे डोंगरावर असतात. व्यवस्था त्यांच्यासाठी मोठी करायची, पण ती बाराही महिने सांभाळायची कोणी?

६/ पहिला मार्ग घरपट्टीचा. पण येथील अनेक बंगले मुंबईकरांचे, वर्षातील बराच काळ बंद असणारे. आणि जे खरोखर येथे राहतात त्यांत घोडेवाले, हमाल, रिक्षा ओढणारे, छोटे दुकानदार पुष्कळ. त्यांच्या घरांवर पट्टी वाढवून पाहुण्यांचा कचरा उचलणे न्याय्य नव्हे.

७/ दुसरा मार्ग जकातीचा. महाराष्ट्रातील नगरपालिकांचा दीर्घकाळ हाच मोठा आधार होता. डोंगरावरच्या गावात तर गव्हापासून साबणापर्यंत सारेच खालून येते. जकात वस्तूच्या किमतीत मिसळते. पाहुणा ती जेवणाच्या बिलातून नकळत भरतो. पण तीच जकात रहिवाशाच्या चुलीवरही पडते. १९९९ मध्ये राज्याने नगरपरिषदांची जकात रद्द केली आणि त्यांची भिस्त सरकारी अनुदानावर आली.

८/ तिसरा मार्ग माणशी कराचा, ज्याला जुन्या मराठीत डोईपट्टी म्हणत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील ६१ वी नोंद याच कराची आहे. तीर्थक्षेत्री व यात्रांना रेल्वेने जाणाऱ्यांवरील सीमाकराचा विषय मात्र केंद्राचा. त्यासाठी १९५६ चा स्वतंत्र कायदा आहे. पाहुण्याने गावाच्या खर्चाचा वाटा उचलावा, हे तत्त्व दोहोंत समान आहे.

९/ हे तत्त्व भारतापुरते नाही. जर्मनीतील बाडेन-बाडेन या स्नानक्षेत्री पाहुण्यांवर कर लावल्याची नोंद १५०७ ची आहे. फ्रान्स आणि इटली या दोन्ही देशांनी १९१० मध्ये मुक्काम-कराचे कायदे केले. फ्रान्सच्या कायद्याचा रोख स्पष्ट होता: पैसा त्या स्थळाच्या स्वच्छतेसाठी आणि सुशोभनासाठी खर्च व्हावा. पाहुण्याकडून घेतलेले पाहुण्याच्या सोयीवरच लागावे, म्हणजे कर जाचक वाटत नाही.

१०/ मुक्काम-करात एक भगदाड मात्र राहते. जो रात्री राहत नाही, तो सुटतो. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा माणूस रस्ते वापरतो, कचरा टाकतो आणि गावाला काहीच देत नाही. व्हेनिसने यावर उपाय म्हणून २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी ५ युरोंचे प्रवेशशुल्क सुरू केले. माथेरानला भूगोलानेच ही सोय दिली आहे. वर येण्याच्या मुख्य वाटा दोनच, सडक आणि रेल्वे. त्यामुळे दिवसभराचा पाहुणाही कराच्या कक्षेत येतो.

११/ ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरले. जंगल वाचवण्यासाठी ते आवश्यकच होते. पण नव्या बांधकामावर मर्यादा आली की घरपट्टीची वाढही थांबते. इमारती वाढत नाहीत, पाहुणे मात्र वाढू शकतात. अशा गावात प्रवासी कराचे महत्त्व आपोआप वाढत जाते.

१२/ त्यात धोकाही आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत रेल्वेमार्ग वाहून गेला. गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडले. २०२० च्या टाळेबंदीत तर गावाचे दारच बंद झाले. पाहुणा आला नाही की त्याचा करही येत नाही. पण सफाई कामगारांचा पगार, पथदिवे आणि उल्हास नदीवरून सुमारे ८०० मीटर उंच डोंगरावर पाणी चढवण्याचा खर्च थांबत नाही.

१३/ म्हणूनच हंगामी गावाला दोन वह्या लागतात. रहिवाशाचे पाणी, शाळा आणि दवाखाना यांचा खर्च घरपट्टी व अनुदान अशा स्थिर उत्पन्नातून भागावा. गर्दीमुळे वाढणारा बोजा गर्दीने भरावा. चांगल्या हंगामातील शिल्लक वाईट हंगामासाठी राखून ठेवावी. महाबळेश्वर, पाचगणी, पन्हाळा, चिखलदरा या इतर गिरिस्थान नगरपरिषदांपुढेही हाच हिशेब आहे.

१४/ दोन वह्या एकत्र झाल्या की तक्रार दोन्हीकडून येते. पाहुणा विचारतो, पैसे भरूनही वाट अस्वच्छ का? आणि घोडेवाल्याच्या घरची बाई विचारते, हॉटेलात पाणी आहे, मग आमच्या नळाला का नाही? दस्तुरीवरच्या त्या पावतीला या दोन्ही प्रश्नांचे उत्तर देता आले पाहिजे.