घरगुती सुरक्षा कॅमेरे आणि शेजाऱ्यांचा खासगीपणा

घरफोडीला आळा बसावा, या हेतूने दारावर कॅमेरा बसवणे ही आता केवळ बंगल्यांपुरती मर्यादित बाब राहिलेली नाही. सदनिकांची दारे, चाळींचे सज्जे आणि गावांतील घरांच्या ओसऱ्या येथेही क्लोज्ड सर्किट टेलिव्हिजन, अर्थात सीसीटीव्ही कॅमेरे दिसू लागले आहेत. मात्र समोरासमोर दारे असलेल्या इमारतीत एका दारावरचा कॅमेरा बहुधा दुसऱ्या दाराकडेच रोखलेला असतो. शेजाऱ्यांकडे कोण आले, किती वाजता गेले, घरात वृद्ध माणसे किंवा मुले केव्हा एकटी असतात, याची नोंद त्यात आपोआप होत राहते. स्वतःच्या घराच्या रक्षणाचा हक्क कोठे संपतो आणि शेजाऱ्याच्या खासगीपणाचा हक्क कोठे सुरू होतो, या प्रश्नाचा विचार आता न्यायालयांनाही करावा लागत आहे.

जुना प्रश्न, नवे साधन

शेजाऱ्याच्या नजरेपासून संरक्षण ही कल्पना भारतीय कायद्याला नवी नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १८ मध्ये रूढीने प्राप्त होणाऱ्या हक्कांचा उल्लेख असून, त्याखालील एक उदाहरण खिडकीचे आहे. ज्या नगरात तशी रूढी असेल, तेथे शेजाऱ्याच्या घरातील एरवी दृष्टीआड असणारा भाग दिसेल, अशी नवी खिडकी उघडता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. मुंबई इलाख्यास हा अधिनियम १८९१ मध्ये लागू झाला. त्याआधी, १८८८ मध्ये, अलाहाबाद उच्च न्यायालयाने एका दाव्यात असा रूढिजन्य हक्क मान्य केला होता. नव्या बांधकामामुळे शेजारच्या घरातील स्त्रियांचा वावर असलेला भाग दिसू लागल्याची तक्रार त्या दाव्यात होती.

कॅमेरा आणि खिडकी यांत मात्र महत्त्वाचा फरक आहे. खिडकीतून पाहणारा माणूस काही वेळाने निघून जातो. कॅमेरा रात्रंदिवस पाहतो, अंधारातही चित्रण करतो, अनेकदा आवाजही टिपतो आणि ते सारे साठवून ठेवतो. साठवलेले चित्रण तिसऱ्याच व्यक्तीच्या हाती पडण्याचाही धोका असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातमधील राजकोट येथील एका प्रसूती रुग्णालयातील महिला रुग्णांचे चित्रण इंटरनेटवर प्रसारित झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा कॅमेरा यंत्रणांच्या कमकुवत पासवर्डचा मुद्दा चर्चेत आला होता.

कायद्यातील तरतुदी

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात, खासगीपणा हा संविधानाच्या अनुच्छेद २१ अन्वये मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. मात्र घरगुती कॅमेरा कोठे व कसा लावावा, हे सांगणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा देशात नाही. अशा तक्रारींना वेगवेगळ्या कायद्यांतील तरतुदींचा आधार घ्यावा लागतो.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-ई नुसार कोणत्याही व्यक्तीच्या शरीराच्या खासगी भागाचे संमतीविना चित्रण करणे किंवा ते प्रसारित करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कारावास, २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ अन्वये, आपल्याला कोणी पाहत नसेल अशी स्त्रीची स्वाभाविक अपेक्षा असते, अशा खासगी प्रसंगी तिला चोरून पाहणे किंवा तिचे चित्रण करणे दंडनीय आहे. पहिल्या दोषसिद्धीस १ ते ३ वर्षे कारावास आणि दंडाची तरतूद आहे.

या दोन्ही तरतुदी गंभीर स्वरूपाच्या कृत्यांसाठी आहेत. शेजाऱ्याची रोजची ये-जा टिपणारा कॅमेरा त्यांच्या कक्षेत सहसा येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमातून ही उणीव भरून निघेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला विदेचा वापर त्या अधिनियमाच्या कलम ३ मधून वगळण्यात आला आहे. त्यामुळे शेजारच्या कॅमेऱ्याने त्रस्त झालेल्या नागरिकाला प्रामुख्याने दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो.

न्यायालयांची भूमिका

जानेवारी २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयासमोर एका महिलेने शेजाऱ्याच्या कॅमेऱ्याविरुद्ध याचिका केली होती. सुरक्षेच्या नावाखाली शेजाऱ्यांच्या व्यवहारांत डोकावू देता येणार नाही, असे प्रथमदर्शनी मत न्यायालयाने नोंदवले आणि याविषयी मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्याची सूचना राज्याच्या पोलीस प्रमुखांना केली.

कोलकाता येथील प्रकरणात वाद एकाच वास्तूत राहणाऱ्या भावांमधील होता. घराच्या निवासी भागात सहनिवाशाच्या संमतीवाचून कॅमेरे चालवणे हा त्याच्या खासगीपणाचा भंग आहे, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला. त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये फेटाळली.

युरोपमध्ये या प्रश्नाचा विचार आधीच झाला होता. खिडक्यांची तोडफोड झाल्यामुळे चेक प्रजासत्ताकातील एका गृहस्थाने कॅमेरा बसवला. त्यात सार्वजनिक रस्ता आणि समोरच्या घराचे प्रवेशद्वारही दिसत होते. असे चित्रण निव्वळ घरगुती ठरत नाही, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये दिला. त्याच वेळी, कुटुंबाच्या व मालमत्तेच्या रक्षणाचा मालकाचा रास्त हेतूही विचारात घेता येईल, असे न्यायालयाने स्पष्ट केले. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथील काउंटी न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यांविषयीच्या दाव्यात निकाल देताना, दूरवरचे संभाषण टिपणारे ध्वनिमुद्रण हे चित्रणापेक्षाही अधिक आक्षेपार्ह मानले.

कॅमेरा बसवताना

या निर्णयांत कॅमेऱ्याला सरसकट विरोध नाही. तो किती पाहतो आणि किती ऐकतो, यावर आक्षेप आहे. त्या दृष्टीने पुढील काळजी घेणे हिताचे ठरते.

कॅमेऱ्याचा रोख स्वतःच्या दारावर व अंगणावरच ठेवावा; शेजाऱ्याची खिडकी, गच्ची, न्हाणीघर किंवा दाराच्या आतील भाग त्यात येऊ देऊ नये. अनेक कॅमेऱ्यांत चित्राचा ठरावीक भाग झाकण्याची सोय असते. कोन बदलणे शक्य नसल्यास तिचा उपयोग करावा. ध्वनिमुद्रण बंद ठेवावे. कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड लगेच बदलावा. जुने चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाईल, अशी व्यवस्था करावी. जिना, व्हरांडा यांसारख्या सामाईक जागेत कॅमेरा लावण्यापूर्वी गृहनिर्माण संस्थेची लेखी परवानगी घ्यावी.

तक्रार असल्यास

शेजारच्या कॅमेऱ्यात नेमके काय दिसते, ते दाखवण्याची विनंती करणे ही पहिली पायरी होय. कॅमेरा थोडा वळवल्याने किंवा चित्राचा भाग झाकल्याने अनेक वाद तेथेच मिटू शकतात. तसे न झाल्यास गृहनिर्माण संस्थेकडे लेखी तक्रार करावी. चित्रण अश्लील हेतूने झाले असल्यास, प्रसारित झाले असल्यास किंवा पाळत ठेवून त्रास दिला जात असल्यास पोलिसांकडे जावे. इतर प्रकरणांत कॅमेरा हटवण्यासाठी किंवा त्याचा रोख बदलण्यासाठी दिवाणी न्यायालयाकडे मनाई हुकूम मागता येतो. अशा वेळी कॅमेऱ्याची जागा व दिशा दाखवणारी छायाचित्रे आणि आधी केलेल्या तक्रारींच्या प्रती जपून ठेवणे उपयुक्त ठरते.