वाडा उतरवणे

वाडा उतरवणे : नवे घर किंवा इमारत बांधण्यासाठी जुना वाडा वरून खाली, थराथराने सुटा करत जोत्यापर्यंत आणण्याचे काम. पुण्याच्या पेठा, सातारा, वाई, नाशिक, पैठण अशा जुन्या वस्त्यांत हे काम सतत चालू असते. तेथे घरे एकमेकांना भिडलेली असतात, बोळ अरुंद असतात आणि शेजारच्या घरात माणसे राहत असतात. म्हणून मोकळ्या माळावरचे घर पाडण्याचे आडाखे येथे चालत नाहीत.

रचना : घडीव काळ्या दगडाचे जोते, त्यावर तळमजल्याच्या जाड भिंती, वर विटांच्या किंवा पांढरीच्या मातीच्या भेंड्यांच्या तुलनेने हलक्या भिंती आणि आत सागवानी सांगाडा, असा वाडा सर्वसाधारणपणे असतो. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, त्यावर मातीचा भराव आणि वर कोबा किंवा शहाबादी फरशी. खांब तळखड्यावर नुसता टेकलेला असतो; तुळईचे एक टोक खांबावर आणि दुसरे भिंतीत असते. सांधे खाचांचे आणि लाकडी मेखांचे असतात. सिमेंट-सळईच्या इमारतीत तुळई, खांब आणि स्लॅब यांना सळया बांधून ठेवतात. वाड्यात हे काम वरचे वजन करते. वरचा भार हलला की खालचा सांधा सैल होतो आणि आतापर्यंत ताठ उभा असलेला खांब हाताने ढकलता येतो. कोणता भाग कशावर टेकला आहे हे ओळखणे आणि बांधताना जे शेवटी चढले ते आधी काढणे यावर सगळी सुरक्षितता अवलंबून आहे.

भिंतींबद्दल फसगत सर्वांत जास्त होते. दोन फूट जाडीची भिंत पाहून ती भक्कम आहे असे वाटते. पण ती बहुधा एकजीव नसते. बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मध्ये दगडगोटे व मातीची भर, अशी तिची बांधणी असते. दोन्ही थरांना सांधणारे लांब दगड पुरेसे नसले आणि वरून पाणी मुरत राहिले, तर मधली भर खाली बसते, बाहेरचा थर सुटतो आणि भिंतीला पोट येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर-धाराशिव भागातील दगड-मातीच्या घरांच्या भिंती अशाच दुभंगून कोसळल्या. वरच्या माळवदांच्या (लाकडावर माती पसरलेल्या सपाट छपरांच्या) मातीने त्या पडझडीत भर घातली. फूटभर जाडीचा मातीचा थर चौरस मीटरला सुमारे अर्धा टन भरतो आणि माळवदावर गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे माती चढवलेली असते. अशा घराचे माळवद उतरवताना आधी माती पूर्ण काढून खाली न्यायची आणि मगच लाकडाला हात लावायचा, याला अपवाद नाही.

पाहणी : काम सुरू होण्यापूर्वी संरचना अभियंत्याने वाडा आतून-बाहेरून पाहावा. त्याने सर्वांत आधी मागील पन्नास-साठ वर्षांत झालेले फेरफार शोधावेत, असे सुचवावेसे वाटते. मूळ वाड्याला त्याची रीत असते, फेरफारांना नसते. रस्त्याकडेला दुकान काढण्यासाठी खांब हटवून लोखंडी गर्डर घातलेला असतो. माडीवर बिऱ्हाडकरूंसाठी न्हाणीघर केलेले असते आणि त्याचे पाणी कडीपाटात झिरपत राहिलेले असते. गच्चीवर हजार लिटरची टाकी, म्हणजे भरली की एक टन वजन, एखाद्या विटेच्या आडभिंतीवर ठेवलेली असते. कधी एका खणापुरता सिमेंटचा स्लॅब जुन्या तुळयांवर ओतलेला आढळतो; तो उचलता येत नाही आणि तोडताना त्याचे हादरे सगळ्या मजल्याला बसतात. अशा ठिकाणी काहीही काढण्यापूर्वी खालून टेकू द्यावे लागतात.

लाकूडही वरवर पाहून कळत नाही. तुळईचा उघडा भाग शंभर वर्षांनंतरही ठणठणीत असतो, पण भिंतीत गेलेले टोक ओल आणि वाळवीने पोकळ झालेले असू शकते. हातोडीने ठोकून येणारा बद्द आवाज, टोकदार हत्यार सहज आत जाणे, टोकाजवळ गळणारा भुसा या खुणांवरून ते ओळखतात. ज्या मजल्याखालच्या तुळयांची टोके तपासलेली नाहीत, त्या मजल्यावर कामगार चढवू नयेत.

परवानग्या : महाराष्ट्रात मोडकळीस आलेल्या इमारतींची सी-१, सी-२अ, सी-२ब आणि सी-३ अशी वर्गवारी करतात. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तात्काळ रिकामी करून पाडण्याजोगी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार धोकादायक बांधकाम हटवण्याची नोटीस पालिका देऊ शकते आणि त्याच अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार तीस वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. वाड्यात भाडेकरू असतील तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू होतो. पाडून नवे बांधण्याचे कारण मालकाला कलम १६ खाली न्यायालयापुढे मांडता येते, परस्पर छत काढून बिऱ्हाड बाहेर काढता येत नाही. प्रत्येक बिऱ्हाडाचे क्षेत्रफळ, छायाचित्रे आणि सह्यांसह नोंद वाडा उभा असतानाच करून ठेवावी, कारण नंतर मोजायला भिंत उरत नाही. वाडा शहराच्या वारसा यादीत आहे का, हे आधी पाहावे लागते. परसातील झाड तोडायचे असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वेगळी परवानगी लागते.

वीज कायमची तोडून मीटर काढल्याचा कागद हाती आल्याशिवाय पहिला घाव घालू नये. जुन्या वाड्यात एका बिऱ्हाडाचे मीटर काढले तरी दुसऱ्याची वायर त्याच भिंतीतून गेलेली असते. गॅस, पाणी आणि सांडपाण्याच्या जोडण्याही बंद कराव्यात. मैलाटाकीत विषारी वायू साचतो; तीत माणूस उतरवणे जीवघेणे आहे आणि हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने प्रतिबंधितही आहे. ती यंत्राने उपसून घ्यावी.

क्रम : पाडकामाच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक आयएस ४१३० आहे आणि त्याचा गाभा वरून खाली या क्रमाचाच आहे. प्रथम काचा, दारे, खिडक्या, नंतर कौले आणि पत्रे. कौले दोन्ही पाख्यांवरून सारखीच काढत जावीत. एक पाखे मोकळे आणि दुसरे भरलेले राहिले तर आढे एका अंगाला रेटले जाते आणि खालची भिंत बाहेर झुकते. कौले काढणाऱ्याने पाय वाशावर ठेवावा, रिपेवर नाही. जुने सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. ते ओले करून, न फोडता, स्क्रू सोडवून उतरवावेत. फेकले की त्यांचे तंतू हवेत जातात आणि फुप्फुसाचे कायमचे आजार करतात.

छप्पर उतरल्यावर वरच्या मजल्याची भिंत मजल्याच्या पातळीपर्यंत आणायची आणि मगच तो मजला काढायचा. येथे घाई करणारे ठेकेदार क्रम उलटवतात, कारण लाकूड विकले जाते आणि विटा-माती उचलायला खर्च येतो. कडीपाट आणि तुळया आधी काढून नेल्या की दोन मजली उंच भिंत कोणत्याही आडव्या आधाराशिवाय उभी राहते. अशी भिंत जोराच्या वाऱ्याने किंवा शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या हादऱ्यानेही पडू शकते. ही सवय मोडणे मालकाच्या हाती आहे. पुष्कळदा ठेकेदार लाकूड, दगड, लोखंड यांच्या मोबदल्यातच काम घेतो किंवा उलट मालकालाच पैसे देतो. त्यामुळे करारात क्रम स्पष्ट लिहावा आणि भिंत उतरल्याशिवाय लाकूड आवाराबाहेर जाऊ देऊ नये.

भिंत घण-पहारीने, थराथराने उतरवावी. बुडखा पोखरून ती आडवी करण्याची पद्धत अनेक ठिकाणी चालते. ती बंदच व्हायला हवी. मधली भर सैल असलेली भिंत एका अंगाला सरळ पडत नाही, जागच्या जागी ढासळते आणि पोखरणारा तिच्याच पायथ्याशी असतो. कामगाराने भिंतीच्या माथ्यावर उभे राहू नये. भिंतीपासून स्वतंत्र उभी केलेली परांची आणि भिंतीशी संबंध नसलेल्या ठिकाणी बांधलेला सुरक्षापट्टा हवा. तुळई उतरवताना दोन्ही टोकांना दोर घालावा, खाली टेकू द्यावा आणि चेनपुलीने ती सावकाश खाली आणावी. बारा फूट लांब आणि फूटभर रुंद-जाड सागवानी तुळई दोनशे किलोच्या वर भरते. ती वरून सोडली तर खालचा मजला घेऊनच जमिनीवर येते. निघालेल्या राडारोड्याचा ढीग मजल्यावर किंवा भिंतीला लावून साठवू नये. तो रोजच्या रोज बंदिस्त नळातून खाली सोडून उचलावा.

वरचा मजला हाताने उतरवून तळमजल्याच्या भिंती आणि जोते यंत्राने काढणे हा मधला मार्ग मोकळ्या आवारात चालतो. भिडलेल्या घरांत जेसीबीचा धक्का शेजारच्या भिंतीलाही बसतो, तेथे शेवटपर्यंत हातकामच करावे.

धुळीसाठी पाणी मारणे आवश्यक आहे, कारण दगड, वीट आणि गिलाव्याच्या धुळीतील सिलिकाने फुप्फुसे निकामी होतात आणि तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. मात्र मातीच्या भिंतीवर पाइप धरून बसू नये. भिजलेली माती जड होते आणि तिची ताकद जाते. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटल्यावर पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील शेकडो वाडे पाण्याने भिजून ढासळले. पडणाऱ्या राडारोड्यावर बारीक तुषार पुरेसे होतात. माती भिजू नये म्हणूनच पाडकाम दिवाळीनंतर सुरू करून पावसाळ्यापूर्वी संपवावे. अर्धवट उतरवलेला, छप्पर नसलेला वाडा पावसात सोडणे हे न उतरवण्याहून धोक्याचे आहे.

सामाईक भिंत : पेठेतील वाड्यांत एकाच भिंतीत दोन्ही घरांच्या तुळया टेकलेल्या असतात. आपली तुळई ओढून काढली तर भिंतीत पोकळी पडते आणि पलीकडची तुळई सैल होते. म्हणून ती भिंतीलगत कापावी, टोक आतच ठेवावे आणि कुजलेली टोके एकेक करून काढून त्या खाचा लगेच विटांनी भराव्यात. आपल्या बाजूचे मजले गेल्यावर शेजारच्या भिंतीचा आडवा आधार जातो. तिला तिरपे टेकू आधीच लावावे लागतात. पूर्वी आतली असलेली ही भिंत आता उघडी पडते, तिला गिलावा किंवा ताडपत्रीचे आच्छादन हवे. शेजाऱ्याच्या भिंतींवरील भेगांची छायाचित्रे दोघांच्या उपस्थितीत, तारखेसह काढून ठेवली तर पुढचे अनेक तंटे टळतात. खरा धोका बहुधा पायाच्या खोदाईत येतो. जुन्या वाड्यांचे पाये नव्या इमारतीच्या तळघराहून उथळ असतात. शेजारच्या पायालगत सलग चर खणू नये. छोट्या तुकड्यांत खोदून, भरून मग पुढे जावे.

जमिनीखाली धान्याची बळदे व पेवे, तळघरे आणि आड असतात. यंत्राच्या वजनाने त्यांची छते खचतात, म्हणून घरातील वृद्धांना विचारून त्यांच्या जागा आधी आखून घ्याव्यात. पुण्यात याशिवाय पेशवाईत कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारे दगडी भुयारी नळ आणि त्यांचे उच्छ्वास, म्हणजे हवेची उभी तोंडे, आहेत. ते लागल्यास काम थांबवून पालिकेला कळवावे. आड राडारोड्याने बुजवणे चुकीचे आहे. छपराचे पाणी मुरवायला तयार मिळालेली इतकी चांगली जागा नव्या इमारतीला पुन्हा खणून मिळत नाही.

माल आणि राडारोडा : नीट उतरवलेल्या वाड्यातील सागवान, घडीव दगड, कौले, कड्या-कोयंडे, दारे यांना चांगली किंमत येते. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग आणून पुन्हा उभे केले आहेत. यंत्राने पाडलेल्या घराचे असे काही करता येत नाही. उरलेला राडारोडा नदीपात्रात किंवा ओढ्यात टाकण्याची वाईट सवय शहरांना पुराच्या रूपाने भोवते. या कचऱ्यासाठी देशात २०१६ मध्ये स्वतंत्र नियम झाले. त्यांची जागा घेणारे २०२५ चे नियम १ एप्रिल २०२६ पासून अमलात येतील असे ठरवण्यात आले. माती, वीट-दगड, काँक्रीट, लाकूड-प्लास्टिक वेगळे करून पालिकेने नेमलेल्या ठिकाणीच द्यावे. पाडकामावरील बिगारी, बेलदार, सुतार यांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी आहे ना, हे मालकाने पाहावे. अपघातानंतर कुटुंबाला मिळणारी मदत त्या नोंदणीवर अवलंबून असते.

भिंतीत किंवा जमिनीत नाणी, दागिने सापडले आणि त्यांचे मूल्य दहा रुपयांहून अधिक असले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. कागदांना असे संरक्षण कमी मिळते. माळ्यावरचे, कोनाड्यातले मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेली दप्तरे) पाडकामाच्या पहिल्याच दिवशी रद्दीत जातात किंवा शेकोटीत पडतात. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा केली ती अशाच वाड्यांतून. मोडी वाचता येत नसले तरी ते कागद कोरड्या जागी बांधून ठेवा आणि पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाला, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाला किंवा जवळच्या पुराभिलेखागाराला कळवा. हे काम छपराचे पहिले कौल निघण्यापूर्वी करावे.