प्रश्न आणि साधने : पूर्णा गावाच्या निमित्ताने

इतिहास म्हणजे ठरलेल्या प्रश्नांची ठरलेली उत्तरे, ही समजूत आपल्या शालेय शिक्षणातून पक्की होते. लढाई केव्हा झाली, तह कोणात झाला, राज्य कोणी बुडवले, हे प्रश्न कोणी आणि का निवडले याचा विचार विद्यार्थी करत नाही. बहुधा आपण शिक्षकही करत नाही. रोमनकालीन ब्रिटनचे अभ्यासक आणि तत्त्वज्ञ आर. जी. कॉलिंगवुड यांनी १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात असे प्रतिपादन केले, की एखादे विधान ज्या प्रश्नाचे उत्तर असते तो प्रश्न कळल्याखेरीज त्या विधानाचा अर्थ कळत नाही. आम्हांला याच्या पुढची एक गोष्ट मांडावीशी वाटते. प्रश्न बदलला की ‘साधन’ कशाला म्हणायचे हेही बदलते.

मराठीत याचे दाखले ठळक आहेत. शेतकरी कंगाल का, हा जोतीराव फुल्यांचा प्रश्न होता. म्हणून ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) शेतकऱ्याचे घर, त्याची वस्त्रे, जेवण, कर्ज, सरकारी सारा आणि धर्मकृत्यांवरचा खर्च हेच पुरावे ठरले. पुढे वि. का. राजवाड्यांनी मराठ्यांचे राज्य कसे वाढले व का खचले हा प्रश्न घेतला आणि गावोगावची दप्तरे धुंडाळली. १८९८ पासून निघालेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड त्या प्रश्नाचे फळ होय. मात्र याच राजवाड्यांनी १९२४ मध्ये महिकावतीची बखर संपादताना उत्तर कोकणातील वसाहत आणि तिथली माणसे यांकडे मोहरा वळवला. दामोदर धर्मानंद कोसंबींना तर राजाच्या नावापेक्षा त्या लोकांजवळ नांगर होता की नाही, हे अधिक महत्त्वाचे वाटले. परिणामी नाण्यांची झीज, पाऊलवाटा आणि शेंदूर फासलेले दगड बोलू लागले.

हे सारे भिवंडी तालुक्यातील पूर्णा या गावाला लावून पाहता येते. ठाण्याहून भिवंडीकडे जाताना कशेळी, काल्हेर ओलांडल्यावर हे गाव लागते. सत्ता कोणाची होती, हा प्रश्न घेऊन या परिसरात आलो तर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेली कल्याण-भिवंडी दिसते. १७३७ ते १७३९ च्या साष्टी-वसई मोहिमेच्या निमित्ताने अंजूरच्या नाईकांचे घराणेही दिसते. पूर्णा वाटेवरच राहते. कापड कोणी विणले, असे विचारले तर उत्तर भारतातून आलेले विणकर, विसाव्या शतकात वाढलेले यंत्रमाग आणि १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपानंतर भिवंडीकडे सरकलेले काम नजरेत येते. तरीही दृष्टी शहरावरच खिळते.

आता तिसरा प्रश्न विचारू : माल थांबतो कुठे? या प्रश्नाला पूर्णा उत्तर देते. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरताना जकात भरावी लागे. तो हद्दीबाहेर ठेवला तर आत नेईपर्यंत ती टळे. त्यात ग्रामपंचायतींच्या हद्दीतील तुलनेने स्वस्त जमीन, नाशिककडे जाणारा महामार्ग आणि १९८९ पासून सुरू झालेले न्हावाशेवा बंदर. या साऱ्यामुळे भातखाचरांवर गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. गोदामे मात्र गेली नाहीत. या इतिहासाची साधने मोडी कागदांत थोडी आणि सातबाऱ्यावरील फेरफारांत, जकातीच्या पावत्यांत, भाडेकरारांत, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत अधिक आहेत. लग्नात धवलारीण गाते ते आगरी धवळेही त्यांत येतात. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने त्यांकडे केवळ बोलीचा नमुना म्हणून पाहू नये.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नवा प्रश्न आला म्हणजे अंधार संपला असे होत नाही. जमीन कोणाची गेली, एवढेच विचारले तर जमीन नसलेला कातकरी आणि परप्रांतातून येऊन गोण्या वाहणारा हमाल पुन्हा दिसेनासा होतो. फुल्यांचा प्रश्न राजवाड्यांच्या दप्तरात मावत नव्हता. तसा आपला प्रश्नही कोणाला तरी बाहेर ठेवतच असणार. म्हणून प्रश्न विचारणाऱ्याने आपला प्रश्न कोणाला वगळतो, हेही विचारले पाहिजे.

‘आमच्या गावाला इतिहास नाही’ हे वाक्य अशा गावांतून येणारी मुले वर्गात सहज बोलतात आणि आपण ते सहज ऐकून घेतो. त्यात दैन्य गावाचे नसते. त्यांच्या हाती दिलेल्या प्रश्नाचे असते. ज्या मुलाला केवळ किल्ला शोधायला शिकवले, त्याला किल्ला नसलेले आपले गाव रितेच वाटणार, आणि पुढे त्या गावाची जमीन, बोली, गाणी जाताना काही गमावले असे त्याला वाटणारही नाही. प्रकल्पासाठी विषय देताना त्याच्याकडून प्रथम दहा प्रश्न लिहून घ्यावेत. त्यांपैकी कोणत्या प्रश्नाला त्याची आजी उत्तर देऊ शकेल, हे त्यालाच ठरवू द्यावे. अभ्यासाची सुरुवात तेथून करता येईल.