सुमाट्रिप्टान

सुमाट्रिप्टान हे अर्धशिशीच्या म्हणजेच मायग्रेनच्या झटक्यावर वापरले जाणारे औषध आहे. ट्रिप्टान या औषधगटातील हे पहिले औषध होय. सुरू झालेला झटका आटोक्यात आणण्यासाठी ते घेतले जाते. झटके टाळण्यासाठी रोज घेण्याचे हे औषध नव्हे. क्लस्टर डोकेदुखीवरही त्याचे इंजेक्शन दिले जाते.

इतिहास

सेरोटोनिन शिरेतून दिल्यास अर्धशिशी शमते, परंतु त्याचे दुष्परिणाम फार होतात, असे पूर्वी आढळले होते. त्यामुळे ग्लॅक्सो या ब्रिटिश कंपनीत पॅट्रिक हम्फ्री व सहकाऱ्यांनी सेरोटोनिनच्या मोजक्याच ग्राहींवर कार्य करणाऱ्या रेणूचा शोध घेतला. त्यातून सुमाट्रिप्टान तयार झाले व १९९१ मध्ये ते वापरात आले.

कार्य

हे औषध सेरोटोनिनच्या '१बी' व '१डी' ग्राहींना उत्तेजित करते. परिणामी मेंदूच्या आवरणातील प्रसरण पावलेल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, तसेच चेतातंतूंतून वेदनाकारक व दाहकारक पेप्टाइडे स्रवणे कमी होते.

मात्रा

गोळी, नाकातील फवारा व त्वचेखालील इंजेक्शन या स्वरूपांत औषध मिळते. गोळीची मात्रा सामान्यतः ५० किंवा १०० मिलिग्रॅम असते. दुखणे उलटल्यास किमान २ तासांनी दुसरी गोळी घेता येते. मात्र २४ तासांत २०० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. पोटातून घेतलेल्या औषधापैकी सुमारे १५ टक्केच रक्तात पोहोचते. उलट्या होत असल्यास फवारा किंवा इंजेक्शन अधिक सोयीचे ठरते.

दुष्परिणाम व दक्षता

मुंग्या येणे, चेहरा गरम होणे, चक्कर, गुंगी आणि छाती किंवा गळा आवळल्यासारखे वाटणे हे दुष्परिणाम दिसतात. हे औषध हृदयाच्या रक्तवाहिन्याही काही प्रमाणात आकुंचित करते. म्हणून हृदयविकार, पूर्वी झालेला पक्षाघात किंवा अनियंत्रित उच्च रक्तदाब असलेल्यांना ते देत नाहीत. एर्गोटामाइन घेतल्यानंतर २४ तासांच्या आत, तसेच मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधक औषधांसोबत ते वर्ज्य आहे.

महिन्यातून १० किंवा अधिक दिवस असे नियमितपणे ट्रिप्टान घेतल्यास औषधाच्या अतिवापरामुळेच डोकेदुखी जडू शकते. अशा वेळी गोळ्या वाढवण्याऐवजी वैद्यकीय सल्ल्याने अतिवापर थांबवून प्रतिबंधक उपचारांचा विचार केला जातो.