मशीनलाच गणित घालून पाहू

संगणकावर खेळ अगदी रंगात आलेला असतो आणि पडदा एकदम निळा होतो. मशीन पुन्हा सुरू केले की सारे ठीक. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. बंद पडण्याची जागा मात्र दर वेळी वेगळी. शाळेच्या संगणक-खोलीतही आपण हे पाहिले आहे, आणि ‘प्रोग्रामच खराब’ असे म्हणून मोकळे झालो आहोत. पण प्रोग्राम तोच, मशीन तेच, माहिती तीच; मग चूक दर वेळी नव्या ठिकाणी कशी?

हा प्रश्न जुना आहे. १९४७च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग हे गणितज्ञ शनिवार-रविवारी रिलेवर चालणाऱ्या गणनयंत्राला काम लावून घरी जात. चूक झाल्याचे त्या यंत्राला कळे. एरवी ते थांबून माणसाला बोलावी. सुट्टीत कोणी नसल्याने हातातले काम टाकून पुढचे घेई. सोमवारी येऊन पाहावे तो उत्तराचा पत्ता नाही! चूक झाली हे यंत्राला कळते, तर ती कुठे झाली हे का कळू नये, असे हॅमिंग यांच्या मनात आले. आकड्यांबरोबर थोडे जादा बिट ठेवून चुकलेला बिट नेमका हुडकण्याची रीत त्यांनी १९५० साली प्रसिद्ध केली.

पण बिट मुळात चुकतो कशाने? याचे एक अनपेक्षित उत्तर १९७८ साली मिळाले. इंटेल कंपनीच्या १६,३८४ बिटांच्या स्मृती-चिपमध्ये अधूनमधून एखादा बिट उलटा होई. तीच जागा नंतर तपासली तर ठणठणीत. काही मोडलेले नाही, काही जळलेले नाही. अशा स्मृतीतला प्रत्येक बिट म्हणजे विद्युतभार साठवणारी एक चिमुकली टाकी असते. टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवले, की दोष त्या टाकीचा नसून चिपभोवतीच्या वेष्टनाचा आहे. त्यात युरेनियम व थोरियम यांचा लेशमात्र अंश होता आणि त्यातून अल्फा कण निघत होते.

इथे विद्यार्थ्यांकडून एक भागाकार करून घेण्यासारखा आहे. अशा कणाची ऊर्जा ५० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरू. सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन मोकळा करायला सरासरी ३.६ लागतात. म्हणजे एकटा कण सुमारे १४ लाख इलेक्ट्रॉन सोडवतो, आणि टाकीत साठवायचे इलेक्ट्रॉनही साधारण तेवढेच! चिपजवळ मुद्दाम किरणोत्सारी पदार्थ ठेवला तेव्हा चुका वाढल्या, तशी शंका फिटली. वेष्टनाची सिरॅमिक बनवणारा कारखाना अमेरिकेतल्या ग्रीन नदीकाठी होता आणि नदीच्या वरच्या अंगाला युरेनियमची जुनी खाण होती, असे या क्षेत्रातल्या जाणकारांनी पुढे लिहून ठेवले आहे. नदीचे पाणी आणि हिशेबातली चूक यांचा असा संबंध कोणाला सुचला असता?

पुढे वेष्टने शुद्ध झाली. मोठ्या कामाच्या संगणकांत ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवून हॅमिंग यांच्या वाटेने चुका दुरुस्त होऊ लागल्या. घरच्या आणि खेळाच्या संगणकांत मात्र हा जादा खर्च बहुधा टाळलाच जातो. वर खेळाडू मशीन नेमून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळवतात, ते निराळेच.

याचा मासला २००५ साली आलेल्या ‘गिल्ड वॉर्स’ या खेळात दिसला. खेळ बंद पडल्याचे जे अहवाल येत, त्यांतल्या काहींत चूक अशा ठिकाणी दिसे, की तिथे चूक होणे शक्यच नव्हते. कर्त्यांपैकी माइक ओब्रायन यांनी साधाच उपाय केला, जो आपण शिक्षक रोज करतो: ज्याचे उत्तर आपल्याजवळ आहे असे गणित घालायचे. खेळ चालू असतानाच मशीनला सेकंदाला कित्येक वेळा ठरावीक आकडेमोड करायला लावली आणि उत्तरे आधीच्या तक्त्याशी ताडून पाहिली. धड मशीन यात कधीच नापास होऊ नये. झाली, शंभरात सुमारे एक! त्यांचे सहकारी पॅट्रिक वायट यांनी ही हकीकत २०१२ साली लिहिली. दिवसाला दहा लाख खेळाडू असले तर नापास मशीन दहा हजार, आणि त्या साऱ्यांच्या तक्रारी प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या माथी. कारणे पाहावीत तर घरगुती: वाजवीपेक्षा वाढवलेला वेग, स्मृतीची चुकीची जुळणी, अपुरा वीजपुरवठा, धुळीने भरलेला पंखा.

म्हणून प्रोग्रामला दोष देण्याआधी आपणही क्रम लावू. वाढवलेला वेग मूळ पदावर आणावा. वीज बंद करून पंख्यावरची धूळ झाडावी. मग स्मृती तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवावा. चूक निघाली तर स्मृतीच्या पट्ट्या एकेक करून लावून पाहाव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदलले ते वहीत लिहून ठेवायचे.