किशोरवयीन लैंगिक शोषण : आघात आणि उभारी

लैंगिक शोषण सोसलेल्या किशोरवयीन मुलांत अमिग्डाला ही मेंदूतली धोक्याची घंटा अनेकदा उगाचच वाजू लागते. तिला आवर घालणारा कपाळामागचा भाग तर पंचविशीपर्यंत घडतच असतो. दाराची कडी वाजली तरी छाती धडधडते. फळ्यावरचे डोक्यात शिरत नाही. त्याला आळस म्हणणे म्हणजे दुसरी शिक्षाच.

असे शोषण कधी रूढीच्या नावाखालीही झाले. सांगली भागात मुली यल्लम्मा देवीला देवदासी म्हणून सोडल्या जात. सांगलीत १९९२ मध्ये वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांसोबत काम करणारी ‘संग्राम’ ही संस्था सुरू झाली. तिच्यातूनच १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही त्या स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली.

उभारीला भरवशाचे एक मोठे माणूसही पुरते. मुलाला भीती वाटू नये याची काळजी कायदाही घेतो: मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब घेताना पोलिसाने गणवेश घालायचा नसतो.