ब्रेक द्रव

ब्रेक द्रव (प्रचलित नाव: ब्रेक ऑइल) हा हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पेडलवरील दाब चाकांपर्यंत पोहोचवणारा द्रव होय. पिकअप वाहनांत सामान्यतः ग्लायकॉल ईथरवर आधारित डॉट ३ किंवा डॉट ४ द्रव वापरतात. त्यांचे किमान उत्कलनबिंदू अनुक्रमे २०५° व २३०° सेल्सिअस असतात. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो; ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर या किमान मर्यादा १४०° व १५५° सेल्सिअस धरल्या जातात. मालाने भरलेले वाहन लांब घाट उतरताना ब्रेक तापून जुना द्रव उकळू शकतो. त्याची वाफ दाबली जात असल्याने पेडल खाली जाते, परंतु ब्रेक लागत नाही. म्हणून उत्पादकाने सांगितलेलाच प्रकार वापरतात आणि साधारणतः दर दोन वर्षांनी द्रव बदलतात. सिलिकोनयुक्त डॉट ५ त्यात मिसळत नाहीत.